त्याच दुखण्याची तिसरी खेप

विट्याजवळच्या एका गावातून एका मुलीनं विचारलं आहे. आई ५६ वर्षांची. पोट फुगल्यासारखं वाटतं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं होतं, लघवीला सारखं जावं लागतं, अशा तक्रारी घेऊन ती चार महिन्यांत सहा वेळा दवाखान्यात गेली. डॉक्टर तीन झाले. गॅसच्या गोळ्या, दोनदा सलाईन, एकदा रक्तवाढीचं टॉनिक. शेवटी मिरजेत सोनोग्राफी केली तेव्हा पोटात पाणी आणि अंडाशयाची गाठ निघाली. आता किमो चालू आहे. मुलीचा प्रश्न असा की सहा वेळा जाऊनही कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, आणि किती खेपांनंतर माणसानं सावध व्हावं? शेवटी एक ओळ जोडली आहे: "पप्पांचा आवाज दीड महिन्यापासून बसलाय, दोनदा औषध आणलं, फरक नाही. तंबाखू खातात. अजून किती दिवस वाट बघू?"

मी शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. वाट बघू नका. तंबाखू खाणाऱ्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र दुर्बिणीतून बघायलाच हवं, आणि छातीचा एक एक्स-रेही काढायला हवा. दुर्बिणीची ही तपासणी बसल्या बसल्या काही मिनिटांत होते, ॲडमिट व्हावं लागत नाही. बहुतेकांच्या बाबतीत सूज किंवा साधी गाठच निघते. पण स्वरयंत्राच्या कॅन्सरची गोष्ट अशी आहे की तो आवाजाच्या पट्ट्यांवर असतानाच सापडला तर नुसत्या रेडिएशननंही बरा होतो आणि माणसाचा आवाजही राहतो. याच आठवड्यात न्या. आधीच्या दोन्ही चिठ्ठ्या बरोबर ठेवा आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य "दीड महिना झाला, ही तिसरी खेप आहे" हेच बोला. नुसतं "घसा बसलाय" म्हणालात तर तिसरी बाटली हातात पडेल.

आता आईचं. सहा खेपा तुम्हाला दिसतात, कारण तुम्ही घरात आहात. डॉक्टरांपैकी कुणालाच सहा दिसल्या नाहीत. तिघांत वाटल्या तर एकेकाच्या वाट्याला एक-दोन किंवा फार तर तीन आल्या असतील. प्रत्येकानं पन्नाशी ओलांडलेली, पोट फुगतं म्हणणारी एक बाई पाहिली, आणि अशा बायका माझ्या ओपीडीत रोज चार-पाच असतात. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना खरोखरच गॅस, अपचन, उपास किंवा घरातली काळजी असते. पहिल्या खेपेला कुणी कॅन्सरचा विचार केला नाही म्हणून मी त्या डॉक्टरांना दोष देणार नाही. चूक पुढं होते, आणि ती होण्याची आपल्याकडची रीत ठरलेली आहे. तिच्याबद्दलच मला सविस्तर लिहायचं आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात २७ वर्षं दवाखाना चालवते. आमच्याकडे डॉक्टरच्या हाताला गुण असतो असं मानतात. एका औषधानं उतार पडला नाही तर लोक म्हणतात, "हिच्या हाताचा गुण येईना", आणि दुसऱ्या दारात जातात. भांडत नाहीत, सांगतही नाहीत, नुसते जातात. इकडं आम्ही डॉक्टर काय समजतो? माणूस परत आला नाही म्हणजे बरा झाला. मीही कित्येक वर्षं असंच धरून चालत होते. माझं औषध ज्यांना लागू पडलं ते पुन्हा माझ्याकडे येत राहिले, ज्यांना पडलं नाही ते शेजारच्या दवाखान्यात गेले, आणि त्यांच्याकडचे असेच माझ्याकडे आले. प्रत्येक दवाखान्यात दुखणं पहिल्या दिवसाचंच ठरतं. औषध पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होतं, नाव बदललेली तीच गोळी, आणि शेवटी सलाईन. सलाईननं दोन दिवस तरतरी येते, दोन दिवसांनी दुखणं परत येतं, आणि तोवर माणूस तिसऱ्या डॉक्टरांकडे पोचलेला असतो. फाईल कुणाकडेच नसते. चिठ्ठी खिशात राहून धुण्यात जाते.

म्हणून माझं तुम्हाला उत्तर असं आहे की एकाच दुखण्यासाठी पुन्हा पुन्हा दवाखान्यात जावं लागणं हेच एक लक्षण आहे. ताप, खोकला, रक्त पडणं यांच्याच रांगेत ते बसतं. ते रक्तात किंवा एक्स-रेमध्ये दिसत नाही, मोजल्याशिवाय कळत नाही, आणि आपल्याकडे ते मोजणारं माणूस घरातलंच असतं.

हे मी शिकले ते माझ्याच दवाखान्यात. साठीचे एक द्राक्षबागायतदार होते, त्यांना तात्या म्हणते. ते दुसरीकडे जाणारे नव्हते, माझ्यावर त्यांचा फार भरवसा. आंबट ढेकरा, छातीत जळजळ. नऊ महिन्यांत सात वेळा आले. मी दर वेळी पोट दाबून बघितलं, पित्ताची गोळी दिली, चहा-तंबाखू सोडा म्हणाले. त्यांना गुण यायचा. सातव्या वेळी त्यांचं कार्ड भरलं. माझ्याकडे प्रत्येक पेशंटचं जाड पुठ्ठ्याचं कार्ड असतं. नवं कार्ड जोडताना जुन्यावरचा सारांश वर लिहायचा म्हणून मी त्या सातही नोंदी पहिल्यांदा एका दमात वाचल्या. माझ्याच अक्षरात सात वेळा तेच, आणि कोपऱ्यात कंपाउंडरनं पेन्सिलीनं टाकलेलं वजन: ६८, ६७, मग एक जागा कोरी, ६५, पुन्हा कोरी, ६३, ६१. वजन काट्यावर दिसत होतं, कागदावर उतरत होतं, माझी नजर मात्र दर वेळी त्या दिवसाच्या ओळीवरच होती. मी विचारलं, "तात्या, जेवण कसं आहे?" ते म्हणाले, "मॅडम, भाकरी अर्धी झाली. पण गोळी खाल्ली की चार दिस बरं वाटतंय बघा."

सांगलीला दुर्बीण घातली. जठराचा कॅन्सर, पुढं गेलेला. तात्या त्यानंतर अकरा महिने होते. त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी मला कधी एक शब्द लावला नाही. पण ते कार्ड मी टाकलं नाही, अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

त्यांच्या त्या "चार दिस बरं वाटतंय" मध्येच सगळी फसगत होती. आम्लपित्ताच्या आजच्या गोळ्या इतक्या चांगल्या आहेत की जठरातल्या कॅन्सरच्या जखमेवरही वरवर खपली धरू शकते. गुण आला म्हणजे निदान बरोबर होतं, असं आम्ही आणि पेशंट दोघंही समजतो. पित्ताचा त्रास तरुण वयात सुरू झालेला असेल, मसालेदार खाल्ल्यावर उठत असेल तर गोळ्या घेऊन बघायला हरकत नाही. पंचावन्नच्या पुढं हा त्रास नव्यानं लागला आणि वजन उतरायला लागलं, की गोळी थांबवून आधी दुर्बीण. गिळताना घास अडकत असेल तर वयही बघायचं नाही.

त्या दिवसापासून मी कार्डाच्या मागच्या बाजूला लाल पेनानं रेघा ओढते. एकाच तक्रारीची एक खेप, एक रेघ. तिसरी रेघ पडली की त्या दिवशी नुसतं औषध लिहायचं नाही असा माझा नेम आहे. खुर्चीवरून उठून टेबलावर घेऊन पुन्हा पहिल्यापासून तपासायचं, वजन करायचं, आधीचं सगळं विचारायचं, आणि एक तरी तपासणी किंवा मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी. इंग्लंडमध्ये आता हेच नियम म्हणून आलं आहे. तिथं २७ वर्षांची एक मुलगी सहा महिन्यांत वीसहून जास्त वेळा आपल्या डॉक्टरांशी बोलली, आणि कॅन्सर कळला तेव्हा तो सगळीकडे पसरलेला होता. २०२० मध्ये ती गेली. २०२५ पासून तिच्या नावानं 'जेसचा नियम' लागू झाला: तीन खेपांनंतरही निदान होत नसेल किंवा त्रास वाढत असेल तर डॉक्टरांनी थांबून नव्यानं विचार करायचा. तिथं प्रत्येक माणसाची फाईल एकाच दवाखान्यात असते, तरी हा नियम करावा लागला. आपल्याकडे तर फाईलच नाही.

किती खेपा हे कॅन्सरच्या जातीवरही असतं. इंग्लंडमध्ये २०१० साली कॅन्सरच्या रुग्णांची देशभर पाहणी झाली आणि ४१,२९९ जणांच्या उत्तरांवरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हॉस्पिटलला पाठवण्याआधी फॅमिली डॉक्टरांकडे तीन किंवा जास्त वेळा जावं लागलेले किती, असा साधा प्रश्न होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये असे ७.४ टक्के निघाले. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये ४१.३ टक्के, आणि मल्टिपल मायलोमा म्हणजे हाडांच्या मगजातल्या कॅन्सरमध्ये ५०.६ टक्के. तरुणांना आणि बायकांना जास्त खेपा घालाव्या लागल्या, हेही त्यात दिसलं. गाठ हाताला लागते, म्हणून तिथं डॉक्टर पहिल्याच दिवशी पुढं पाठवतो. पोटाच्या आत, पाठीच्या मणक्यात जे चाललंय ते आधी गॅस, थकवा, कंबरदुखी असली साधी नावं घेऊन येतं. डेन्मार्कमध्ये कॅन्सर निघालेल्या माणसांच्या सरकारी नोंदी मागं जाऊन बघितल्या, तेव्हा निदानाच्या आधीच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा वाढत गेलेल्या दिसल्या. म्हणजे शरीर सांगत असतं आणि माणूस दवाखान्यात जातही असतो, पण जोडून कुणी बघत नाही.

मायलोमाचं उदाहरण घेते, कारण तो आमच्या भागात फार सहज लपतो. द्राक्षबागेत वाकून थिनिंग, डिपिंग म्हणजे मणी विरळ करणं, घड औषधात बुडवणं ही कामं करणाऱ्या बाईची पाठ दुखणारच. एकदा ती पाठीसाठी येते, एकदा अशक्तपणासाठी, एकदा सारखी सर्दी-ताप येतो म्हणून. तीन खेपा, तीन वेगळी दुखणी. पाठीला गोळी, अशक्तपणाला टॉनिक, तापाला अँटिबायोटिक. पण साठीच्या माणसाची रात्री पडल्यावरही न थांबणारी हाडदुखी, रक्त कमी आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं, हे तिन्ही एका कागदावर लिहिलं तर रोग स्वतःच नाव सांगतो. खेपा मोजताना एकच तक्रार किती वेळा हे जसं बघायचं, तसं एकच माणूस इतक्यात किती वेळा आलं, हेही बघायचं.

यातूनच एक गोष्ट मी फार गंभीरपणे घेते, ती म्हणजे कधीच दवाखान्यात न येणारा माणूस. आपल्याकडे असे पुरुष घरोघर आहेत. पन्नास-पंचावन्नचा, सर्दीला काढा, तापाला अंगावर घोंगडं, दवाखान्याची पायरी माहीत नाही. असा माणूस दोन महिन्यांत दोनदा आला, तर माझ्यासाठी ती तिसरी रेघ आहे. महिन्याला येणाऱ्या आज्जींच्या दहा खेपांपेक्षा त्याच्या दोन खेपा जड आहेत. कार्डावर मागची नोंद सहा वर्षांपूर्वीची कुत्रं चावल्याची असते आणि आज तो म्हणतो, "जरा गळाल्यासारखं वाटतंय", तेव्हा पेन खाली ठेवायचं आणि त्याच्याकडे बघायचं. कमरेचा पट्टा बघते मी. नवं भोक पाडलेलं असतं, खिळ्यानं पाडल्यासारखं वेडंवाकडं. वजन किती घटलं ते तो सांगत नाही, पट्टा सांगतो.

याच्या उलट बाजूला जुने पेशंट. शुगर, बीपी, सांधेदुखीसाठी दर महिन्याला येणारे. त्यांचं नवं दुखणं जुन्यात मुरून जातं. शुगरवाल्याचं वजन उतरलं तर आम्हाला आनंदच होतो, पथ्य पाळतोय म्हणून. साठीनंतर शुगर नव्यानं निघाली आणि तरी वजन घसरत राहिलं तर स्वादुपिंडाचा सीटी स्कॅन करायला हवा, हे पेशंटच्या घरच्यांनीही लक्षात ठेवावं. बिडीवाल्या दमेकऱ्याचा खोकला तर जन्माचाच असतो. त्याला विचारायचं ते एवढंच, की हा खोकला नेहमीचाच आहे की बदललाय? बदलला असेल तर थुंकीची तपासणी आणि एक्स-रे. आपल्याकडे दोन आठवड्यांच्या वरच्या खोकल्याला टीबीसाठी थुंकी तपासायची हा सरकारी नियम आहे, आणि तो चांगला आहे. पण थुंकीत टीबी निघाला नसताना एक्स-रेतल्या नुसत्या सावलीवर टीबीचं औषध सुरू झालं असेल, तर दोन महिन्यांनी एक्स-रे पुन्हा काढून सावली कमी झाली का हे बघितलंच पाहिजे. ती तशीच राहिली तर त्या औषधाचे पुढचे चार महिने घालवायचे नाहीत.

आपल्या जिल्ह्यात खेपांना हंगाम असतो, हे बाहेरच्या अभ्यासांत सापडणार नाही. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की माझी ओपीडी रोडावते. बाग उतरेपर्यंत, बेदाणा शेडवरून निघेपर्यंत लोक दुखणं अंगावर काढतात. "एवढी बाग जाऊ दे, मग बघू." मग एप्रिल-मेमध्ये सगळे एकदम येतात, आणि तक्रार विचारली की म्हणतात, "आठ दिवस झाले." आठ दिवस नसतात, दिवाळीपासूनचं असतं. म्हणून मी "किती दिवसांपासून" असं विचारत नाही. "छाटणीच्या वेळी होतं का? संक्रांतीला होतं का?" असं विचारते, मग खरा महिना निघतो. खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परराज्यांत राहणारी मंडळी आणखी वेगळी. एक खेप दक्षिणेतल्या कुठल्या शहरात, एक बंगालमध्ये, आणि तिसरी गावच्या जत्रेला आल्यावर माझ्याकडे. तीन राज्यांत तीन डॉक्टर, तीन भाषांतल्या चिठ्ठ्या, आणि माणूस म्हणतो, "तिकडं दाखवलंय, काय नाय म्हणाले." जत्रेसाठी चार दिवस गावी आलेल्या माणसाला मी त्या चार दिवसांतच एक्स-रे आणि रक्त करायला लावते. पुढच्या वर्षीच्या जत्रेपर्यंत तो मला दिसणार नसतो.

बायकांबद्दल मात्र खेपा मोजण्याचं हे गणित अर्धंच लागू पडतं, आणि हे मला तुम्हाला नीट सांगायचं आहे. स्तनाच्या गाठीसाठी तिकडं फार खेपा लागत नाहीत हे वर लिहिलं, आपल्याकडेही लागत नाहीत. पण आपल्याकडे पहिली खेपच वर्षानं पडते. गाठ दुखत नाही, म्हणून ती सांगत नाही. पाळी जाऊन पाच वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेलं तर बायका एकमेकींना "उष्णता" सांगतात. तिथं मोजायला खेपाच नसतात. पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसलं, तरी ती पहिलीच खेप तिसरीसारखी धरायची. आणि मिसरी, म्हणजे दाताला लावायची भाजलेली तंबाखू. आमच्याकडच्या साठीच्या बायकांत मिसरी न लावणारी शोधावी लागते. "तोंड आलंय" म्हणून येतात, बी-कॉम्प्लेक्स घेऊन जातात. पदर तोंडावर असतो, तोंड उघडायला लाजतात. मी बॅटरी घेऊन गाल बोटानं ओढून आतला कोपरा बघते, जिथं मिसरीचं बोट रोज टेकतं तो. पांढरा चट्टा, तिखट झोंबणं, तोंड कमी उघडणं, किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर जीवनसत्त्वाची गोळी बंद, तुकडा काढून तपासायला पाठवायचा.

या तीन कॅन्सरसाठी, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड, तिशीच्या पुढं सरकारी आरोग्य मंदिरात मोफत तपासणी आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो यासाठीच. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी दीड लाखावर बायकांत वीस वर्षं चालवलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हातानं स्तन तपासले, तर पन्नाशीपुढच्या बायकांतले मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी झाले. आपल्या शेजारी सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणं सांगत राहिले, आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडायला लागला. मशीन नंतर आली, आधी बोलणं झालं.

तुमच्या आईचा रोग या तिन्हींत बसत नाही. अंडाशयाचा कॅन्सर पोटात शांतपणे पसरतो, आणि बहुतेक बायकांत तो पसरल्यावरच कळतो. इंग्लंडमध्ये २०११ पासून डॉक्टरांना सूचना आहे की बाईला, विशेषतः पन्नाशीपुढच्या, पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं किंवा लघवीची घाई हे महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा होत असेल तर सीए-१२५ ही रक्ततपासणी करावी. पन्नाशीनंतर नव्यानं लागलेला 'गॅस' हा गॅस धरायचा नाही, हे माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहिलेलं आहे. तुमच्या आईची तिसरी खेप म्हणजे बहुधा दुसरा महिना. तेव्हा सोनोग्राफी व्हायला हवी होती, असं माझं मत आहे. पण त्या दोन महिन्यांनी सगळं बदललं असतं का, तर तसं मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये दोन लाखांवर बायकांवर मोठा प्रयोग झाला, दरवर्षी रक्त किंवा सोनोग्राफी करून अंडाशयाचा कॅन्सर आधी शोधण्याचा. २०२१ मध्ये निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत. तुम्ही रात्री जागून "मी आधी का नेलं नाही" असं म्हणत असाल, तर ते थांबवा. तुम्ही सहा वेळा नेलं. आता किमोच्या तारखा चुकू देऊ नका, मधल्या काळात ताप आला तर गावात अँटिबायोटिक घेत बसू नका, जिथं किमो चालू आहे तिथं त्याच दिवशी फोन करा.

एक आणखी, कारण हे कागद तुमच्या घरात आत्ताही पडलेले असतील. रक्ताच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट आपण बघतो ते डेंग्यूच्या भीतीनं, कमी झाल्या का म्हणून. वाढलेल्या कुणी बघत नाही. चाळिशीपुढच्या ज्या रुग्णांच्या प्लेटलेट चार लाखांच्या वर होत्या, त्यांच्यात वर्षभरात कॅन्सर निघण्याचं प्रमाण इंग्लंडमधल्या २०१७ च्या अभ्यासात पुरुषांत ११.६ टक्के आणि बायकांत ६.२ टक्के होतं. आपल्याकडे रक्त कमी असणं आणि जंतुसंसर्ग यांनीही त्या वाढतात, त्यामुळं आकडा बघून घाबरायचं नाही. पण दोनदा वाढलेल्या आल्या, सोबत वजन कमी, तर कारण शोधल्याशिवाय कागद फाईलला लावायचा नाही. तसंच रक्तवाढीचं टॉनिक. पाळी गेलेल्या बाईचं किंवा कुठल्याही पुरुषाचं रक्त लोहाअभावी कमी झालं असेल तर ते कुठून तरी जातंय. आतड्यातून जात असेल तर डोळ्यांना दिसत नाही. टॉनिकनं आकडा वर येतो आणि शोध थांबतो.

माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगते, आणि तुम्हाला तुमच्या डॉक्टरांकडून मागता येईल असं आहे. मी औषध देताना तारीख देते: "दहा दिवसांत पूर्ण उतार पडला नाही तर मंगळवारी माझ्याकडेच या, दुसरीकडे जाऊ नका, त्या खेपेची फी घेणार नाही." फी न घेतल्यानं माझं फार जात नाही, आणि माझं औषध चुकलं हे मला कळतं. पेशंट दुसरीकडे जाऊन आला असेल तर मी रागावत नाही. पूर्वी रागावायचे, आणि त्यामुळंच लोक लपवायचे.

तिसऱ्या खेपेला निघणाऱ्या दहातल्या नऊहून जास्त लोकांना कॅन्सर नसतो, हे मात्र विसरू नका. इंग्लंडमध्ये तातडीनं पुढं पाठवण्याची रेषा ३ टक्के शक्यतेवर आखली आहे. म्हणजे शंभर पाठवले तर सत्त्याण्णव मोकळे परत येतील हे धरूनच पाठवतात. रिपोर्ट चांगला आला म्हणजे पैसे वाया गेले, असं घरात कुणी म्हणालं तर हा आकडा सांगा. आणि सारखी येते म्हणून एखाद्या बाईला "हिचं मनाचंच आहे" असा शिक्का बसला असेल, तर तिलाही एकदा टेबलावर घेऊन तपासलं पाहिजे. शिक्का बसलेल्या बाईलाही रोग होतो.

तुमच्या घरासाठी काम फार थोडं आहे. शंभर पानी वही घ्या. प्रत्येक माणसाला दोन पानं. दवाखान्याची तारीख, काय होत होतं, कुणाला दाखवलं, काय दिलं, आणि वजन. वजन नेहमी एकाच काट्यावर, किराणा दुकानातला चालेल. चिठ्ठ्या त्याच पानाला टाचणीनं लावा. पप्पांच्या पानावर आजच दोन ओळी लिहा: आवाज कधीपासून बसला, कोणकोणती औषधं झाली. मग ती वही घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. गळ्याला बाहेरून गाठ लागते का, कानात कळ येते का, घास गिळताना अडतो का, हे तीन प्रश्न पप्पांना जायच्या आधी विचारून ठेवा. त्यांनी "काय नाय" म्हटलं तरी जायचंच.